ॲक्सिलरेटरला तूप

माझ्या सासऱ्यांना माझं सगळ्यात जास्त काय खुपायचं, तर माझा डिप्लोमा. नव्वदच्या दशकात मी नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीच्या खात्यात होते. पाहुण्यांसमोर ते हे कौतुकानं सांगायचे. घरातला मिक्सर मात्र बिघडला की दुकानात जायचा. आणि त्यांची जुनी, काळी, गोल दिव्यांची मोटार म्हणजे तर सोवळंच. "बाईचा हात लागला की यंत्र रुसतं," असं ते माझ्या तोंडावर म्हणायचे. नवरा पेपर वाचत राहायचा.

त्या गाडीतून माझी सात वर्षांची मुलगी रोज सकाळी आजोबांबरोबर शाळेला जायची. माझी कारखान्यात पहिली पाळी असायची, सहालाच घर सोडावं लागायचं. दुसरी सोय नव्हती.

थंडीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही सगळे सायखेड्याला नातलगांकडे निघालो. कॉलनीबाहेरच्या वळणावर बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, पण इंजिन ओरडतच राहिलं. गाडी थेट भाजीच्या हातगाडीकडे धावली. बाबांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, ब्रेकवर उभेच राहिले म्हणा ना, आणि आम्ही हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबलो. भाजीवाल्यानं आमच्या सात पिढ्या काढल्या. मला त्याचं एकही वाक्य चुकीचं वाटलं नाही.

"पेट्रोलात भेसळ," बाबा म्हणाले.

"बाबा, पेडल अडकलंय. पाय काढला तरी कार्ब्युरेटरची झडप मिटत नाहीये. मी बघते."

"सूनबाई, शहाणपण कारखान्यात. इथं नाही."

"मग दुरुस्त होईपर्यंत उद्या शाळेला ही गाडी नको."

"गाडी उद्या जाणार म्हणजे जाणार."

सायखेड्याचा बेत तिथंच मोडला. दुपारी ते जेवून घोरायला लागले तशी मी खुंटीवरची किल्ली काढली आणि बोनेट उघडलं. मला भीती वगैरे वाटत नव्हती. नुसता संताप होता.

एअर फिल्टर काढला. झडप ज्या दांडीवर फिरते, ती दांडी दिसेचना. तिच्यावर लाल-काळ्या चिकट थराचा गोळा होता. नखानं खरवडून वास घेतला, तर तूप! मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दसऱ्याला सगळे गाड्यांची पूजा करतात, बोनेटवर हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आमचे बाबा बोनेटच्या आतसुद्धा पूजा करायचे. जिथं जिथं म्हणून काही हलतं, तिथं तिथं कुंकवाचं बोट आणि वर निरांजनातलं उरलेलं तूप. ते देवाचं, म्हणून पुसायचं नाही. वर्षानुवर्षांचं तूप नाशिकच्या थंडीत रात्रभर गोठायचं आणि सकाळी झडप धरून ठेवायचं. इंजिन तापलं की ते सैल व्हायचं. मेकॅनिककडे गाडी जायची ती दुपारी, त्यामुळे त्याला कधीच काही सापडलं नसणार.

पेट्रोल आणि जुना टूथब्रश घेऊन मी दोन तास घासत बसले. झडप ओढून मिटवणारी स्प्रिंगही ढिली पडली होती, ती बदलली. सांध्यांना मशीनच्या तेलाचे दोन थेंब दिले. पेडल दाबून सोडलं, तर टक् करून जागेवर आलं.

तेवढ्यात बाबा पायऱ्या उतरले. खाली पडलेल्या लाल चिंध्या बघून त्यांचा आवाज चढला. "देवाचं तूप पुसलंस?"

"पुसलं. तुमच्या नातीच्या जिवावर उठलं होतं ते."

"इतकी वर्षं काही झालं नाही!"

"आज सकाळी काय झालं मग?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ते मला हट्टी, नास्तिक, माहेरच्यांनी शेफारवलेली असं एकेक म्हणत गेले आणि मीही तोंडाला तोंड देत राहिले. गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

मुलगी केव्हा येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली, कळलं नाही. तिनं हातानं पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. तिचा चेहरा उतरला.

"आई, आता हे कधीच अडकणार नाही?"

"नाही."

"म्हणजे माझं काम गेलं."

"कसलं काम?"

"मी पुढं बसते ना शाळेत जाताना. अडकलं की आजोबा 'बंद!' म्हणतात आणि मी किल्ली फिरवते. त्यांचे हात स्टिअरिंगवर लागतात ना. मला आता लगेच जमतं." मग तिनं आजोबांकडे पाहिलं आणि जीभ चावली. "तुला सांगायचं नव्हतं."

बाबा चिंध्या उचलायला वाकले. किती वेळ ते त्या उचलत होते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तिला चालत शाळेत सोडलं. पुढं महिनाभरात पाळी बदलून घेतली. बाबांना मी जेवायला वाढलं, त्यांची आजारपणं काढली, शेवटची दोन वर्षं तर उठवून बसवणंसुद्धा मीच केलं. माफ मात्र केलं नाही.