फोल्डराचं सोंग

आमचा बुढा झाडीपट्टीच्या नाटकात राजाचा पार्ट करे. दिवाळी झाली का वडशाले कंपनीत जाये, होळीलेच घरी वापस. बाकी साल माह्यासंगं धानात. परसाली गेला तो. छातीत कफ होता, बिडी काई सुटली नाई. मी रडली. मंग धानाचा रोवना आला तर बांदीतल्या चिखलात उतरली. मानूस किती दिवस बसन?

त्याचे दोन आवाज घरच्या कॉम्प्युटरात होते. एक नाटकातला. तो कंपनीतल्या सोबत्यानं पेन ड्राईव्हवर आनून देल्ला. दुसरा घरचा, माह्या पोरानं मोबाईलवर चुपचाप पकडलेला. त्यात बुढा वसरीत बसून मले म्हनते, "काऊन वो, चहात साखर टाकली का नुसतं तिचं नाव घेतलं?" आन् मी आतून म्हनतो, "तुमाले गोड पचते कुठी?" बस, येवढंच. पोरानं मोबाईल बदलला तवा तो आवाज फक्त कॉम्प्युटरात राह्यला.

पोरगा गडचांदूरले सिमेंटच्या कामावर राह्यते. घरी मी आन् सून. सून त्या कॉम्प्युटरवर बायायच्या बचत गटाचं काम करते. मी दुसरी शिकलेली, मले ते काई समजत नाई. पन जेवन झालं का मी म्हनो, "लाव वो." सून बुढ्याच्या नावाच्या फोल्डरले टिचकी मारे, आन् बुढा बोले.

मंग कॉम्प्युटर येड्यावानी कराले लागला. आपल्या मनानं जुगाराच्या जाहिराती उघडे. नंगे फोटो येत. एक दिवस गटाच्या समद्या बायायले सुनेच्या नावानं कायतरी घान गेलं. एक बाई दारात येऊन म्हने, "तुमची सून घरी बसून हेच करते का वो?" मी म्हनली, "बस, पानी पे, मंग बोल." पानी पेली ते, पन सून दोन दिवस बाहीर निघाली नाई.

वडशाच्या एका दुकानात नेला. त्यानं विंडो नवीन टाकून देल्ली, आमचं सामान एका बाजूले ठेवलं, वापस भरलं. घरी आनला, चांगला चाले. दुपारी बुढा आयकला. हप्ता नाई झाला तर पुना तेच. पुना नेला, पुना विंडो, पुना तेच. पोरगा फोनवर म्हने, "भंगारात देऊन टाका." मी म्हनली, "तुह्या बापाचा आवाज भंगारात देऊ?"

तिसऱ्यांदा दुकानातून आनला तर नाटकाचा आवाज लागला, घरचा लागेच ना. सुनेनं किती डाव टिचकी मारली. काईच नाई. तवा दुसऱ्या दुकानात गेलो, मीही संगं गेली. दुकानवाला भाऊ पोटसुट्या, तोंडात तंबाखूचा खर्रा. त्यानं पह्यलं इचारलं, "घरी नेल्यावर सबसे पह्यले काय उघडता तुमी?"

सून माह्याकडं पाहे. मी सांगतलं, "बुढ्याचा आवाज."

"दाखव बाई, कोन्तं."

सुनेनं बोट ठेवलं. त्यानं टिचकी मारली नाई. पाह्यत राह्यला, खर्रा थुकून आला. म्हने, "बाई, हे फोल्डर नोय. हे फोल्डराचं सोंग हाय. खरं फोल्डर यानं मांगं लपवून ठेवलं, आन् त्याचं नाव घेऊन हा सामने बसला. तुमी याले टिचकी मारता, तो बुढ्याचा आवाजही आयकवते, आन् मांगून घरात घुसते. पेन ड्राईव्हवर आला असन. विंडो कितीही बदला, सामानासंगं तुमीच याले वापस नेता."

सोंग मले समजते. बुढा दाढी लावून, तलवार घेऊन उभा राहे तवा आमचं पोरगं त्याले भेऊन माह्या लुगड्यात तोंड लपवे. बाप सामनेच असे.

मी म्हनली, "खऱ्या फोल्डरातलं काढून दे, भाऊ."

त्यानं विंडो नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर आमची डिस्क लावली. तो व्हायरसचा किडा तिथी चालत नाई म्हने. नाटकाचा आवाज निघाला, सगळा. त्यानं तो तपासून बाजूले ठेवला. घरच्या आवाजाचं नाव होतं, आतमधी काई नवतं. दुपारभर लागला होता बिचारा. शेवटी म्हने, "पह्यल्या दुकानात तीन डाव पुसून वरून भरलं गेलं. निघत नाई आता. समदं साफ करावं लागते बाई, डिस्कचे दोनी भाग, तो पेन ड्राईव्हही. नाटकाचा आवाज सोडून काईच जुनं ठेवाचं नाई. करू?"

सून म्हने, "आत्या, पुसनं राहू द्या. कामाचं पाहू मंग कसंतरी."

सून अजूनही गटाच्या बैठकीत कोपऱ्यात बसते, मले मालूम. आन् ज्याच्या आत काई नाई त्याले किती दिवस धरून बसाचं?

"कर," मी म्हनली. माहे हात मांडीवर होते, मी त्यायलेच पाहे.

त्यानं समदं पुसलं, नवीन विंडो टाकली, नाटकाचा येक आवाज तेवढा भरून देल्ला. गटाचे, बँकेचे पासवर्ड बदलून टाक म्हनून सुनेले सांगतलं. तवापासून कॉम्प्युटर चांगला हाय. दारात आलेली ते बाई आता सुनेकडून नातवाचा दाखला काढून घेते. माफी नाई मागतली, पन येते.

दुपारी सून नाटक लावते. राजा गरजते, हासते, प्रधानाले शिव्या देते. तो माहा मानूस नोय. पन मधात येक जागा हाय. प्रधान बोलून राह्यला, आन् मांगं राजा खोकलते. पार्टात नाई तो खोकला. तो बिडीचा हाय. तिथी आलं का मी सुनेले थांबवतो, जरा मांगं घे म्हनतो.

"काय आयकता आत्या?" सून म्हनते. "इथी तर मामाजी बोलतच नाई."

"मांगं घे," मी म्हनतो.