अठराशे पन्नासचं लेबल

आमच्या घरात बजेट हा शब्द बायकोनं आणला. बचतगटाच्या मीटिंगसाठी वेल्ह्याला गेली होती. आल्या आल्या पोराच्या वहीचं पान फाडलं आणि दिवाळीची यादी करायला बसली. माझ्या तिन्ही धाकट्या बहिणींना भाऊबीजेच्या साड्या, प्रत्येकी नऊशे. आईला लुगडं, पोरांना कपडे. आणि सगळ्यात खाली, दोनदा रेघ ओढून, मिक्सर, तीन हजार.

मिक्सरचं जरा सांगायला पाहिजे. आमच्या मिक्सरचं बटण दोन वर्षांपासून टिकत नव्हतं. बोट काढलं की बंद. झाकणाचं रबरही गेलेलं, त्यामुळं एका हातानं बटण दाबायचं आणि दुसऱ्या हातानं झाकण, नाहीतर वाटण थेट भिंतीवर. फराळाच्या दिवसांत बायकोचा अंगठा सुजायचा. दर दिवाळीला मी म्हणायचो, यंदा आणू. आणि दर दिवाळीला मी भोरला साड्या घ्यायला गेलो की हात सुटायचा, आणि मिक्सर पुढच्या वर्षावर जायचा.

गेल्या दिवाळीला मात्र तसं चालणार नव्हतं. तिनं मिक्सरचे पैसे वेगळ्या पाकिटात घालून पाकीट माझ्या हातात दिलं. "भाऊबीज झाली की कामावरनं येताना घिऊन या. साड्या आधी, माझं मागनं. पण ह्याला हात लावायचा न्हाई."

"अगं, हात कशाला लावू?" मी म्हटलं. स्वतःबद्दल माझं मत तेव्हा चांगलं होतं.

कंपनीतनं सुटल्यावर नसरापुरावरनं एसटी धरून भोरला गेलो. दुकानात माणसावर माणूस. मी गादीवर बसलो आणि छाती काढून म्हणालो, "नऊशेच्या आत दावा." शेठनं दाखवल्या. बऱ्या होत्या. खोटं कशाला बोलू, बऱ्याच होत्या, पण नऊशेच्याच दिसत होत्या. तिघींत थोरली पानशेतची, तिच्या दारात पुण्याच्या गाड्या लागतात, नवऱ्याचं हॉटेल आहे. वरव्याच्या मधलीचा नवरा कंपनीत सुपरवायझर. पालीची धाकटी ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी घालून माझ्यापेक्षा जास्त कमावते. अशांच्या पुढं थोरल्या भावानं नऊशेची घडी ठेवायची?

मग मी ते केलं, जे आमच्याकडं निम्मा तालुका करतो. शेठच्या कानाशी गेलो. "लेबल जरा वरचं लावा की."

शेठच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. गल्ल्याखालनं लेबलांचा डबा काढला. "कितीचं लावू?" एखाद्यानं चहात साखर किती विचारावी तसं विचारलं. मी म्हणालो, अठराशे पन्नास. दोन हजार म्हणायची हिंमत झाली नाही, एवढा मी प्रामाणिक.

लेबल काढायचं विसरणं ही आमच्याकडं एक कला आहे. ते फार वर नको, मुद्दाम वाटतं. फार आत नको, दिसत नाही. भाऊबीजेला तिघींनी ओवाळलं, मी ताटात साड्या ठेवल्या, आणि "अरेच्या, लेबल राहिलंच की!" म्हणून काढायला गेलो. काढलं मात्र नाही. थोरलीनं वाचलं, मधलीला कोपरानं ढोसलं. "दादा, लई खर्च केलास रं!" म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान खाली घातली, मोठी माणसं घालतात तशी. बायकोला लेबलाचं मी आधीच सांगितलं होतं. ती आत चटणी वाटत होती. झाकण दाबून.

चार दिवसांनी शेठचा फोन आला. आवाज अगदी हळू. "तुमच्या पानशेतच्या बहीणबाई आल्यात. रंग बदलून पायजे म्हणत्यात. अठराशे पन्नासच्या साड्या काढायला लावल्यात. काय करू? खरं सांगू का?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पिशवीवर दुकानाचं नाव, आत "आठ दिवसांत बदलून मिळेल" म्हणून चिठ्ठी, आणि आमच्याकडची कुठली बाई पहिला रंग ठेवून घेते? मी कंपनीच्या गेटपाशी उभा राहिलो. फोनात मागं बहीण कुणाला तरी सांगताना ऐकू येत होती, "माझ्या दादानं दिलीय."

"नको नको," मी म्हणालो. "द्या. वरचे साडेनऊशे मी भरतो."

थोरलीनं नव्या साडीचा फोटो ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी वरव्याची गेली. तिसऱ्या दिवशी पालीची, काम टाकून, जीप करून. तीन वेळा शेठचा तसाच हळू आवाज, तीन वेळा मी "द्या". दोन हजार आठशे पन्नास रुपये. पाकिटात दीडशे उरले. त्याचं मी मिक्सरच्या झाकणाचं नवं रबर आणलं. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा ते मला फार भारी सुचलेलं वाटलं होतं.

बायकोनं रबर हातात घेतलं, माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगितलं. भांडली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात थोरलीचा फोन आला. "वयनी, दादानं यंदा लई मोठं मन दावलं!"

"व्हय," बायको म्हणाली, "त्यांचं मन लई मोठंय." आणि रबर झाकणाला बसवायला लागली. ते बसलं नाही. माप चुकलं होतं.

यंदा परत दिवाळी आली, परत वहीचं पान फाटलं. मी यादी हातात घेतली. साड्यांच्याही वर, पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: तुमची ऐट, २८५०.

"हे काय गं?"

"ते आधीच धरलं म्हंजी मिक्सरला हात लागायचा न्हाई," ती म्हणाली. चेष्टा करत नव्हती. हिशेबानं, समजून लिहिलं होतं तिनं, आईच्या गोळ्या लिहिते तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तसाच उठलो. साड्यांच्या दुकानावरनं मान खाली घालून गेलो आणि आधी मिक्सर घेतला. चांगला, तीन हजार दोनशेचा, वरचे दोनशे माझ्या चहापाण्यातले. घरी आणून तिच्या पुढ्यात खोकं ठेवलं. वाटलं, आता तरी हसेल.

ती वाकली. खोक्यावरचं लेबल वाचलं, आणि माझ्याकडं बघून विचारलं, "खरंच एवढ्याचाच हाय न्हवं?"

मी खिशातनं पावती काढून दिली. तिनं ती पूर्ण वाचली, मगच खोकं उघडलं.