डोळ्यात झोंबलं, फाइलीत झुमलं

"डोळ्यांचं प्रेशर जास्त आहे. काला मोतिया असू शकतो," नोएडातल्या डॉक्टरबाई हिंदीत म्हणाल्या. काला मोतिया म्हणजे आपला काचबिंदू, ग्लॉकोमा. डोळ्यातला दाब वाढून आतली नस हळूहळू मरते. माझ्या बाबांची नजर त्यानेच गेली. आठवड्याने पुन्हा तपासून डॉक्टरबाई नक्की सांगणार होत्या.

तो आठवडा कसा काढला, माझं मला माहीत. त्यात मला थेंबांची भयंकर भीती. पहिल्या तपासणीत थेंब पडताच मी डोळे असे गच्च मिटले की टेक्निशियनने कसंबसं माप घेतलं.

दुसऱ्या खेपेला लेक ईरा सोबत होती. आधी डोळा बधिर करणारा थेंब पडला, अ‍ॅनेस्थेटिक ड्रॉप. मी डोळे गच्च मिटून ओरडले, "भैया, बहुत झोंब रहा है!" इतकी वर्षं इथे राहून माझी हिंदी ही अशी!

"सब झूम रहा है?" टेक्निशियन घाबरला. मला आडवं केलं, बीपी घेतलं, फाइलीत 'चक्कर' लिहिलं. ईराला विचारलं, तर दिल्लीत वाढलेल्या या बाईसाहेबांनाही 'झोंबणं' माहीत नाही!

डॉक्टरबाई धावत आल्या. "अहो, चक्कर कसली, जलन हो रही थी," मी म्हटलं. त्या हसल्या, मग एकदम थांबल्या. "मागच्या वेळीही डोळे असेच मिटले होते? त्यानेसुद्धा प्रेशर जास्त येतं."

एव्हाना आग थांबली होती. दात काढताना हिरडी बधिर होते, तसा डोळा झाला होता. त्यांनी अंग सैल सोडायला लावून पुन्हा मोजलं. नॉर्मल! मग बाहुली मोठी करणारा डायलेटिंग ड्रॉप. बधिर डोळ्याला तो जेमतेम जाणवला. पुढे काही तास जवळचं धूसर दिसतं, एवढंच. आतली नसही त्यांनी नीट पाहिली.

तुमच्यावर ही वेळ आली, तर काय होतंय ते लाज न बाळगता सांगा. आणि घरात कुणाला काचबिंदू असेल, तर तपासणी टाळू नका. बाबांनी टाळली होती.

बाहेर आल्यावर मला रिपोर्टमधलं अक्षर दिसेना. ईराने वाचलं, "नस निरोगी, प्रेशर नॉर्मल." मी पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. पार्किंगमध्ये उभी राहून मी चक्क रडले.

"आई, बिल्कुल नॉर्मल आहे यार," ती म्हणाली. "अजून किती वेळा वाचू?"

"वाच गं," मी म्हटलं.