‘आण’ म्हणजे नको

ताईच्या लग्नाच्या सीडीत आईचा आवाज होता, आणि घरात दुसरीकडे कुठेच नव्हता. व्हॉइस मेसेज पाठवणं तिला येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. ती गेली, आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी बुवापाड्यातल्या विहारात ठरला. तिथल्या टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो, म्हणून मी सीडी उल्हासनगरच्या एका व्हिडिओवाल्याकडे भरून घ्यायला दिली.

घरी येऊन पेनड्राइव्ह लावला. आई मंडपात बोलतेय, ओठ हलतायत आणि वर सनई वाजतेय. शेवटपर्यंत तीच सनई. कोपऱ्यात फिरत्या गुलाबात दुकानाचं नाव. ‘शी,’ मी म्हटलं आणि फोन लावला.

“मॅडम, आवाज में गडबड था, सूना लगता था,” तो म्हणाला. “म्युझिक डाल दिया. उसका एक्स्ट्रा नहीं लिया.”

वर उपकार. माझ्या आईचं बोलणं म्हणजे गडबड. मला शिसारी आली. सीडीवर त्याच्या बोटांचे तेलकट ठसे होते. ते पुसले आणि ती आमच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये घातली.

एफएफएमपेग नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं, असं ऑफिसात ऐकलं होतं. शोधायला गेले तर समोर नुसता उकिरडा. जिकडे तिकडे डाउनलोडची हिरवी बटणं, सगळी खोटी. एकाने कसला तरी क्लीनर आत घुसवला आणि तोच घाण करत बसला. शी. तो उपटून काढला, खरी फाइल शोधली, तर तिला ना खिडकी ना बटण. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. केला, तर अशी कमांडच माहीत नाही म्हणे. सॉफ्टवेअर कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलंय ते काँप्युटरला आधी सांगावं लागतं, हे कळेपर्यंत माझं डोकं फिरलं होतं.

शेवटी एका वेबपेजवरून तयार कमांड उचलली. तिच्यात मध्येच -an होतं. आम्ही व्हॉट्सॲपवर मराठी लिहितो ते इंग्रजी अक्षरांत. येताना दूध आण, हेसुद्धा. मी ते ‘आण’ असंच वाचलं. आवाज आण म्हणतंय, बरं झालं. एंटर दाबलं. फाइल तयार झाली. मंडप आला, आई आली, ओठ हलले. आता सनईसुद्धा नाही.

सीडीतलाच आवाज गेला, असं वाटलं. मग शोधलं, तर त्या दोन अक्षरांचा अर्थ निघाला ‘आवाज नको’. त्यांना मी एक सणसणीत शिवी दिली, कमांडमधून ती अक्षरं खोडली आणि पुन्हा एंटर दाबलं.

कॅमेरेवाल्याचा भगभगीत दिवा आईच्या तोंडावर होता. ती म्हणाली, “शी. माझं थोबाड काय घेतोस मेल्या, नवरीचं घे.”

एवढंच. पुढे सगळी पाहुण्यांची कलकल.

ताईला ऐकवलं. ती खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “अगं, भन्तेजी असतील समोर. ते शी आणि मेल्या तेवढं कापून टाक.”

कापायची कमांड तोवर मला यायला लागली होती. पण मी हात लावला नाही. रविवारी वंदना झाली आणि भरल्या विहारात आई ‘शी’ म्हणाली, अगदी मी म्हणते तशी.