दोन तालमींचा कोल्हासूर

"तुझी बायको तालमीच्या दारात बसून बाहुल्या करणार, आणि मी पेठेत तोंड कुठं दाखवू?"

"तोंड हाय तिथंच असू द्या की दादा. कुणी न्यायला बसलंय व्हय?"

"चेष्टा नगं, गणपत. बाईमाणूस ताब्यात ठेवायचं असतंय."

"बरं मग तुम्ही सांगून बघा. मला जमलं न्हाय म्हणूनच तुमच्या कानावर घातलं."

चिमणाबाई दाराआड भाकरी थापत होती. बाहेर नवरा आणि थोरला दीर हंबीरराव, दोघं भांडत होते. एकोणीसशे एकोणसत्तर सालचा श्रावण होता. भांडण तिच्यावरून चाललं होतं, पण तिला आत येऊन कुणी एक शब्द विचारला नव्हता. म्हशीचा सौदा करताना तरी निदान म्हशीचे दात बघतात. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि आतूनच ओरडून सांगितलं, "भांडण झालं की जेवायला या. उद्यापासनं मी तालमीवर जाणार हाय, तवा जेवण लवकर उरकायचं."

हंबीरराव जेवले, पण पाठ करून.

नाव चिमणाबाई असलं तरी ती अंगानं दांडगी होती, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाची कुत्री उठून बसत. माहेर जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला. लहानपणी शाळूच्या रानात बुजगावणं करायचं काम तिच्याकडं असे. बाकीच्या रानांत दोन काठ्या आणि वर मडकं. हिच्या बुजगावण्याला मात्र खांदे असायचे, पोट असायचं, आणि एक पाय जरा दुमडलेला, काम करून दमलेल्या माणसासारखा. एकदा रविवारी जोतिबाला निघालेल्या एका माणसानं बांधावरून हाक दिली, "पावणं, पाणी मिळंल काय प्यायला?" उत्तर आलं नाही. पुन्हा हाक दिली. मग तो माणूस बायकोला म्हणाला, "बघ, केवढा माज हाय! बघायलाबी तयार न्हाय!" आणि तणतणत गेला. चिमणा शाळूत लपून हसत होती. त्या दिवशी तिला कळलं, की आपल्या हातात काहीतरी हाय.

कोल्हापुरात सून होऊन आली तशी रान संपलं आणि बुजगावणी पण. हात मात्र गप्प बसले नाहीत. गौरी आल्या की ती मुखवट्याखाली असं काही अंग उभं करायची, की शेजारच्या बायका हळदीकुंकवाला येऊन गौरीलाच "बसा की" म्हणायच्या.

तिच्या गल्लीच्या वरच्या टोकाला चिंचेची तालीम आणि खालच्या टोकाला आडाची तालीम. दोन्हींचं वैर एका कुस्तीवरून. ती कुस्ती बघितलेलं माणूस आता जिवंत नव्हतं, म्हणून दोन्हीकडं आपणच जिंकलो म्हणायची सोय होती. गणपतीत दोन्हीकडं हलते देखावे होत. त्या साली चिंचेच्या तालमीचा कारागीर आडाच्या तालमीनं ऐनवेळी फोडून नेला. तालमीचा कारभारी आकाराम हिच्या घरची गौर बघून गेलेला. तो नाक मुठीत धरून चिमणाबाईच्या दारात आला, आणि त्यावरूनच ते भांडण झालं होतं.

तालमीत बाई जात नसे. आत मारुती, आत लाल माती. चिमणाबाई आत गेलीच नाही. ती बाहेर मांडवात बसली आणि तिनं श्रावणबाळ केला, कावडीत आंधळे आईबाप. गणपतराव उद्यमनगरातल्या कारखान्यात टर्नर होते. कुरकुर करत त्यांनी सायकलची चेन आणि एक जुनी मोटर लावून कावड हलती करून दिली. आंधळी म्हातारी मान वळवून पोराचा आवाज शोधायची. बघणाऱ्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले.

आणि कर्ण्यावरून आकाराम ओरडला, "देखावा सादर करणारे, श्री. गणपतराव!"

चिमणाबाई गर्दीतनं वाट काढत वर गेली. "माईक हिकडं दे."

"अवं वैनी, बाईचं नाव कर्ण्यावर..."

"कर्णा काय बाटतोय? चाक ह्यांनी फिरवलं. माणसं मी केली. दोन्ही सांग, न्हायतर मी सांगते. आणि मी सांगाय लागले तर तुझ्या कर्ण्याची गरज न्हाय, ते तुला ठाऊक हाय."

आकारामनं दोन्ही नावं सांगितली. मागं चिंचेखाली हंबीरराव उभे होते. दुसऱ्या दिवशी ते कुणाला तरी "आमच्या घरचा देखावा" म्हणताना सापडले.

दुसऱ्या वर्षापासून काम वाढलं तशी तिनं बायका जोडल्या. बुरूड गल्लीतली बाळाबाई बांबूच्या कामट्यांचे सांगाडे बांधायची. अंबूबाई वाकळा शिवायची, तिच्याकडं बाहुल्यांचे कपडे आणि चिंध्या भरलेली अंगं शिवायचं काम. शिवाय हाताखाली दोघीतिघी. आणि इथं चिमणाबाईची खरी परीक्षा झाली. पुरुषांशी भांडणं तिला सोपं होतं. दुसरीचा टाका तसाच ठेवणं अवघड. अंबूबाई दुपारभर शिवून जायची आणि ही संध्याकाळी उसवून पुन्हा शिवायची. एक दिवस अंबूबाईनं सुई तिच्या पुढ्यात ठेवली.

"आक्का, तुला बाई नको हाय. तुला आणखी दोन हात पायजेत. ते बाजारात मिळत न्हाईत. मी जाते."

गेली ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही. चिमणाबाईनं दोन दिवस तोऱ्यात काढले. तिसऱ्या दिवशी ती अंबूबाईच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. माफी मागणं तिच्या घराण्यात नव्हतं. ती म्हणाली, "ह्या वर्षीच्या देखाव्यातल्या म्हातारीचं तोंड राहिलंय. तूच कर. मी बघायलाबी येणार न्हाय."

"येशीलच."

"आले तर माझ्या हातावर सुई टोच."

दोनदा टोचून घेतली. तोंड मात्र अंबूबाईचंच राहिलं, आणि ते चांगलं झालं. चिमणाबाईला ते चांगलं झालेलं सोसायला जरा वेळ लागला, हेही खरं.

मोठ्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षी आडाच्या तालमीचा गुंडू वस्ताद स्वतः तिच्या दारात आला. फोडून नेलेला कारागीर त्यांनाही सोडून गेला होता. "आमचाबी देखावा तुम्हीच करायचा." चिमणाबाई हो म्हणाली. बातमी वर पोचायला वेळ लागला नाही. आकाराम तसाच पळत आला.

"वैनी, आमच्या तालमीचं मीठ खाल्लंय तुम्ही!"

"मीठ माझ्या घरचं. तुमच्याकडं नुसता च्या पिला, तोबी बिनसाखरेचा."

"एक तालीम धरली की धरली. ही रीत हाय."

"ती पैलवानाची रीत. मी काय तुमच्या तालमीत नांदायला आल्ये? माझं लगीन एकदा झालंय, तेवढं पुरं हाय."

तिनं दोघांनाही एकच शब्द दिला: तुमचा देखावा काय, ते पडदा उघडेपर्यंत कामावरच्या माणसांबाहेर कुणाला कळणार नाही. त्या शब्दावर दोघंही कबूल झाले.

त्या श्रावणात अंबाबाईच्या देवळात एका कीर्तनकारानं कोल्हासुराची कथा फार रंगवून सांगितली होती. देवीनं कोल्हासूर मारला, आणि मरताना त्यानं मागितलं, की या गावाला माझं नाव राहू दे. कीर्तनाला आकाराम होता आणि गुंडू वस्तादही होता. वैर असं, की एकमेकांना पाठ लावून बसले होते. त्याच आठवड्यात आधी एक येऊन कानात सांगून गेला, "कोल्हासुराचा वध. वर कळाय नको." मग दुसरा येऊन सांगून गेला, "कोल्हासुराचा वध. खाली कळाय नको."

चिमणाबाई कपाळाला हात लावून बसली. एकाला सांगावं तर शब्द मोडतो. नाही सांगावं तर दोन्हीकडं सारखाच देखावा, आणि दोघंही म्हणणार, हिनं आमचं फोडलं. मग या पेठेत तिला कोण काम देणार? तिच्याबरोबर बाळाबाई, अंबूबाई आणि त्या पोरी, सगळ्यांच्या चुली याच कामावर होत्या.

"एकाचा जरा कच्चा करू, म्हंजे सारखा दिसायचा न्हाय," बाळाबाई म्हणाली.

"कच्चं काम करून शब्द पाळला, तर तो पाळला कशाचा?"

"मग?"

"मग दोन हातांनी दोन येगळे करायचे. एक मी इथं घरामागं परड्यात. एक अंबू, तुझ्या मनानं, बाळाबाईच्या अंगणात. मी तिकडं फिरकणार न्हाय, तू हिकडं फिरकायचं न्हाय."

अंबूबाईचा चेहरा उतरला. "आक्का, मी एकटी? आख्खा देखावा?"

"मला कोण शिकवाय आलतं? बुजगावणं शिकवतंय व्हय कुणाला?"

गणपतरावांनी तेवढं विचारलं, "कोल्हासूर मेला एकदाच. मी दोनदा कसा मारू?"

"मोटर दोन लावून," चिमणाबाई म्हणाली.

मधे आकाराम येऊन गेला. गोड बोलून बघितलं, मग डोळे वटारून. "खाली काय चाललंय तेवढं सांगा. आमच्यासारखंच काही निघालं तर ह्या पेठेत तुमचा हात संपला म्हणून समजा."

"माझा हात मला माहेरनं मिळालाय, पेठेनं न्हाय दिला. जा, सावकाश जा, पुढं चिखल हाय."

चतुर्थीच्या संध्याकाळी दोन्ही पडदे वर गेले. आणि लगेच पोरंबाळं, म्हातारी माणसं गल्लीतनं वरखाली पळायला लागली. "खालीबी त्योच हाय!" "वरबी त्योच!"

चिमणाबाई आपला पडदा वर जाताच खाली गेली. अंबूबाईचा देखावा तिनंही तेव्हाच पहिल्यांदा बघितला. तिचा स्वतःचा कोल्हासूर वर गर्जत होता, डोळे लाल, हात उगारलेला, बघणारी पोरं रडत होती. अंबूबाईचा कोल्हासूर पडला होता. देवीचा त्रिशूळ छातीवर, आणि यानं हळूहळू हात जोडून मान बघणाऱ्यांकडं वळवलेली, गावाकडं. काहीतरी मागत होता. एक म्हातारा नकळत म्हणाला, "ऱ्हाईल रं बाबा, नाव ऱ्हाईल."

चिमणाबाई गर्दीतनं आणखी पुढं सरकली. हे आपल्याला का सुचलं नाही? तिनं अगदी जवळ जाऊन एकेक टाका बघितला. मग तोंडावरनं पदर फिरवला आणि घरी आली, तर दारात दोन्ही तालमी उभ्या.

"फितूर!" आकाराम ओरडला.

"आमचं फोडलंसा!" गुंडू वस्ताद ओरडला.

"ओरडा, पण एकेक करून. आता इतक्या वर्षांनी समोरासमोर आलाईसा तर एकमेकांलाच इचारा. आकाराम, मला कोल्हासूर कुणी सांगितला? तूच. वस्ताद, तुम्हाला कुणी सुचवला? कीर्तनानं. दोघं पाठीला पाठ लावून बसलावता. तोंडाला तोंड लावून बसला असतासा तर ही वेळ आली नसती."

गर्दीत कुणीतरी हसलं.

"तुम्ही सांगायचं हुतं!"

"कसं सांगू? सांगितलं असतं तर एकाची फितूर झाले असते. न्हाय सांगितलं तर दोघांची झाले. मग मी म्हटलं, दोघांचीच बरी."

गुंडू वस्तादाच्या मिशा हलल्या. हसू असेल, राग असेल. तो म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. पण आमचाच भारी हाय. हात जोडलेला. तो वैनींच्या हातचा, वरचा दुसरीच्या, दिसतंयच की."

"तर!" त्याची माणसं गरजली. "वरच्यांना चेल्याचा दिला!"

सगळ्यांनी चिमणाबाईकडं बघितलं. नुसतं गप्प बसलं असतं तरी काम भागलं असतं. अंबूबाई भिंतीला टेकून उभी होती, ती काही बोलणार नव्हती.

"ऐका," चिमणाबाई म्हणाली, आणि मग गल्लीला कर्णा लागला नाही. "वरचा मी केलाय. खालचा अंबूबाईनं केलाय. पहिल्यापासनं शेवटपर्यंत, तिनंच. आणि खालचा सरस झालाय."

आकाराम लालबुंद झाला. "म्हंजे आम्हाला तुम्ही हलका दिला?"

"माझ्याकडं हुतं ते सगळं दिलं. ती माझ्या म्होरं गेली, त्याला मी काय करू? पाय धरून मागं वडू?"

त्या वर्षी चिंचेची तालीम बोलायची बंद झाली. आडाची तालीमसुद्धा जरा हिरमुसली, कारण त्यांना नाव चिमणाबाईचं हवं होतं. पुढच्या वर्षी पेठेत काम आलंच नाही. बायकांनी जयसिंगपूरच्या व्यापाऱ्यांच्या गणपतीचा देखावा केला, एसटीच्या टपावर देवीचे हात बांधून नेले. हंबीररावांनी विचारलं, "आता काय करणार?" ती म्हणाली, "जेवणार. तुम्हीबी बसा."

त्याच्या पुढच्या साली आकाराम आला. चिमणाबाईकडं नाही, मागच्या गल्लीनं अंबूबाईकडं. "तेवढ्या तुम्ही एकट्याच या आमच्याकडं."

अंबूबाई वाकळ शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "कारभारी, आमच्यात सुटं मिळत न्हाय. आख्खं न्यायचं. आणि मागच्या दारानं न्हाय, आक्काच्या म्होरल्या दारानं."

मग तो पुढच्या दारानं आला. मागनं गुंडू वस्तादही आला. चिमणाबाईनं दोघांना सांगितलं, की देखावा तुमचा, पण कुणी करायचा ते आमचं आम्ही ठरवणार, आणि जिनं केला तिचं नाव कर्ण्यावर. इथून पुढं मागणं ऐकायला मीच येणार, एकाच दिवशी दोन्हीकडं, भर रस्त्यानं.

असं कितीतरी वर्षं चाललं. बायका वाढल्या, काही लग्न होऊन गेल्या आणि सासरच्या गावात जाऊन देखावे करायला लागल्या. चिमणाबाईचे गुडघे गेले, आवाज गेला नाही.

पंच्याऐंशी सालच्या आषाढात ती गेली. त्याच्या आदल्या आठवड्यात तिनं शेवटची फेरी केली. अंबूबाई म्हणाली होती, "आक्का, ह्या वर्षी मी जाते."

"तू तोंडं कर. कान माझे अजून शाबूत हायत."

काठी घेऊन ती दुपारी पावसाची उघडीप बघून रस्त्याच्या मधनं चालत वर गेली. मागनं आलेल्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला, तर त्यालाच ओरडली, "रस्ता काय तुझ्या बापानं केलाय?" आकाराम आता काठीवर आला होता. त्यानं कानात काय ते सांगितलं आणि नेहमीसारखं विचारलं, "खाली काय म्हंत्यात?"

"खाली जाऊन इचार की. उतार हाय, पाय दुखायचे न्हाईत."

मग ती खाली गेली. गुंडू वस्तादानं कट्ट्यावर पोतं अंथरलं, चहा सांगितला, मागणं सांगितलं आणि विचारलं, "वर काय ठरलंय?"

"वरचं वर."

चहा पिऊन ती घरी आली. अंबूबाईला परड्यात नेऊन एका तालमीचं सांगितलं. तिला परत पाठवून हाताखालच्या एका पोरीला बोलावलं आणि दुसऱ्या तालमीचं सांगितलं. मग उंबऱ्यावर टेकून गुडघे चोळत बाळाबाईला हाक मारली, "बाळा, कामट्या भिजत घाल गं. आणि ह्या खेपेला पाठ जरा रुंद धर, दोन्हीकडं पैलवान हायत."