नमुना म्हणजे चांगली माती नव्हे

माती तपासणी केंद्राच्या खिडकीत जो माणूस बसतो त्याला आमच्याकडे सगळे 'सावलीत' म्हणतात. 'आज सावलीत आहे का जागेवर?' असं कोणी विचारलं की नवखा माणूस गोंधळून वर झाडाकडे बघतो. कारण साधं आहे. तपासायची माती उन्हात वाळवली की तिच्यातली काही द्रव्यं बदलतात, म्हणून ती सावलीत वाळवायची असते. हे वाक्य तो गेली बावीस वर्षं दिवसातून दहा वेळा तरी बोलतो, आणि लोक गेली बावीस वर्षं पत्र्यावर, कडक उन्हात वाळवलेली माती घेऊन येतात.

मी शाळेत शिकवायचे, तेव्हा तो माझ्या वर्गात होता. त्याच्या आधी चार वर्षं त्याची ताई माझ्या वर्गात होती. ती शांत, टापटीप, अक्षर असं की वही बंद करवत नसे. हा मात्र पहिल्यापासून चिडका. पण त्याचं चिडणं जगावेगळं. इतर मुलं चिडली की ओरडायची. याचा आवाज बारीक व्हायचा आणि बोलणं जास्त अदबीचं. बाकावरच्या सोबत्यानं याची पट्टी घेऊन उलटी ठेवली तर हा म्हणायचा, "आपण ती सुलट ठेवाल का?" सगळा वर्ग हसायचा. आजही त्याने कोणाला 'अहो महाराज' म्हटलं की समजावं, पारा चढलाय.

केंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकी, तराजू, नोंदवही आणि कापडी पिशव्यांचा गठ्ठा. मागच्या खोलीत काचेच्या बाटल्या आणि त्या हलवणारं एक यंत्र. ते सुरू झालं की भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज येतो. बाहेर एक बाक आहे आणि त्यावर दिवसभर चांगली सावली असते. निवृत्त झाल्यापासून मी सकाळचा पेपर तिथेच वाचते. वाचते म्हणजे उघडा धरते. खिडकीत जे चालतं ते पेपरात नसतं.

"साहेब, ही घ्या माती."

"कशात आणलीत?"

"पिशवीत."

"कसल्या पिशवीत?"

माणूस पिशवी फिरवून वाचतो. "युरिया."

"अहो महाराज, मग मी काय तपासू? तुमची माती का हा युरिया?"

"दोन्ही तपासा की. एवढं कशाला लावून घेता?"

त्याच्या मागचा पुढे सरकतो. तो माती आणतच नाही, मोबाइल पुढे करतो. "फोटो अगदी जवळून काढलाय. ढेकूळ न् ढेकूळ दिसतंय बघा." तिसऱ्याने माती आणली आहे, पण ती शेजाऱ्याच्या शेतातली. का, तर "माझ्यात दम नाही साहेब, त्याची बरी आहे."

सावलीत चष्मा काढतो, डोळे चिमटीत धरतो, परत चष्मा लावतो. "आपण स्वतःचं रक्त तपासायला शेजाऱ्याला पाठवता का?"

"तो जात असेल तर पाठवीन."

असं रोज. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या ताईबद्दल.

रुग्णालयाच्या मागे तिचा पाऊण एकराचा मळा आहे. पालक, घेवडा, टोमॅटो. अकरा वर्षं तिची भाजी सरळ रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जाते. सकाळी साडेसहाला ती स्वतः हातगाडी ढकलत नेते, आणि त्या वेळी तिची मान जशी ताठ असते तशी मी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती. गेले दोन हंगाम मात्र पानं पिवळी पडत होती. तिने तीनदा माती तपासायला दिली. तीनदा भावाच्या सहीचा कागद आला: जमीन उत्तम, खताची गरज नाही, पाणी बेताने द्यावे.

मग एका शनिवारी ती तरातरा खिडकीशी आली आणि पालकाची जुडी व घेवड्याचे दोन वेल तिने नोंदवहीवरच टाकले.

"घे. ही तुझी उत्तम जमीन."

"ताई, वही ओली होतेय."

"होऊ दे. आहारबाईंनी आज जुडी परत दिली." आहारबाई म्हणजे रुग्णांना काय खायला द्यायचं ते ठरवणाऱ्या बाई. "म्हणाल्या, ज्यांच्या अंगात रक्त नाही त्यांना मी ही पांढुरकी पानं खायला घालू? महिनाअखेर शेवटची मुदत आहे. नाहीतर दुसरीकडून घेणार. अकरा वर्षांत माझी एक जुडी परत आली नव्हती, धाकट्या."

त्याने कपाटातून कागद काढले. "हे बघ. सेंद्रिय कर्ब भरपूर. स्फुरद भरपूर. सामू सव्वासात." सामू म्हणजे माती आंबट का खारट-चुनखडीची ते सांगणारा आकडा, सातच्या आसपास असला की भाजी खूश. "यात मी काय चूक काढू?"

"मग तुझ्या कागदावरच पेरते पालक."

"आपण जरा..."

"मला आपण म्हणू नकोस! मी ताई आहे तुझी."

मी पेपर खाली ठेवला. "अरे, दहा मिनिटांवर मळा आहे. एकदा जाऊन का बघत नाहीस?"

"बाई, मातीने इथे यायचं असतं. मी मातीकडे जायला लागलो तर खिडकीत कोण बसेल? आणि लोक म्हणतील, बहिणीसाठी बरा उठला."

हे त्याचं बावीस वर्षांचं तत्त्व. पण बोलता बोलता त्याचा हात वेलाकडे गेला. त्याने शेंड्याचं पान उलटंसुलटं केलं, मग बुडाजवळचं. मग परत शेंड्याचं.

"ताई, कोवळीच पानं पिवळी आहेत गं. शिरा हिरव्या राहिल्यात. खालची जुनी पानं चांगली आहेत."

"तेच तर दोन हंगाम फोनवर सांगतेय."

"तू पिवळी म्हणालीस. कोवळी नाही म्हणालीस." त्याने माझ्याकडे पाहिलं, परीक्षेत उत्तर आठवलं की पाहायचा तसं. "बाई, नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून जुनं आधी पिवळं होतं. लोहाचं तसं नाही. ते एकदा पानात बसलं की हलत नाही, म्हणून उपास कोवळ्या पानाला घडतो. हे लोहाचं दुखणं आहे. पण सव्वासात सामूच्या मातीत हे व्हायलाच नको!"

त्याने मागच्या खोलीतून सौम्य आम्लाची छोटी बाटली घेतली, खिशात उभी ठेवली, खिडकी बंद केली आणि निघाला. मी पण निघाले. मला कोणी चल म्हटलं नव्हतं.

मळ्याच्या फाटकात शिरताच त्याने विचारलं, "माझ्याकडे आणलेली माती कुठून घेतलीस? जागा दाखव."

ताई ऐटीत फाटकाशेजारच्या कोपऱ्यात गेली. तिथे खताचा ढीग होता, आणि ढिगाच्या कडेची माती काळी, भुसभुशीत, बघत राहावी अशी. "इथली. चाळणीने चाळली, काड्या वेचल्या, आणि सावलीत वाळवली हो! अगदी तू सांगतोस तशी."

"इथे तू काय लावतेस?"

"इथे काय लावणार? इथे खत असतं."

त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. बारीक आवाज आला, "मग आपण इथली माती का आणलीत?"

"तूच म्हणालास नमुना आण. वाफ्यातली माती भुरकी, खडेदार. ती घेऊन भावाच्या कचेरीत येऊ? तुझी माणसं म्हणतील, बघा साहेबांच्या बहिणीची माती. मला तुला मान खाली घालायला लावायची नव्हती. आणि नमुना चांगलाच द्यायचा असतो. बाईंनीच शिकवलंय!"

"मी?" मी म्हटलं.

"नमुना उत्तर, बाई. फळ्यावर लिहायचात ना? ज्यात एकही चूक नाही ते नमुना उत्तर."

लिहायचे. एकतीस वर्षं लिहायचे. आणि पुष्कळदा ते उत्तर तिच्याच वहीतलं असायचं.

तो हळूहळू माझ्याकडे वळला. "बाई, इथल्या अर्ध्या लोकांना आपणच शिकवलंत."

"हो रे."

"म्हणजे बावीस वर्षं ही सगळी मंडळी शेतातली निवडक, वेचलेली, देखणी माती आणतात ती..." त्याने चष्मा काढला, परत लावला. "छान, बाई. फारच छान."

एवढी अदब मला त्याच्याकडून आयुष्यात मिळाली नव्हती.

मग त्याने बाटली काढली. कोपऱ्यातल्या मातीवर चार थेंब टाकले. काही झालं नाही. वाफ्यातल्या मातीवर टाकले तर ती फसफसली, सोड्याची बाटली उघडावी तशी. चुना होता तिच्यात. लोह असलं तरी अशी माती ते मुठीत आवळून धरते, मुळाला देत नाही. वाफ्याच्या कडेला करडी भुकटी दिसत होती.

"ही राख?"

"बेकरीवाला देतो. तीन वर्षं टाकतेय. राख चांगली म्हणून तूच सांगितलंस."

"आंबट मातीला चांगली म्हणालो होतो! तुझी आधीच चुनखडीची, त्यात राख!"

"आंबट ऐकू आलं नाही. चांगली ऐकू आलं."

तिने खुरपं आणलं, ते त्याने परत पाठवलं. लोह तपासायचं तर लोखंड मातीला लावायचं नाही. लाकडी खुंटी आणि प्लास्टिकची बादली घेऊन तो स्वतः नागमोडी चालत बारा ठिकाणी वीतभर खोल उकरू लागला. ताई मागून ओरडत होती, "तिथे नको रे, तिथे अगदीच वाईट आलंय."

"तिथली पाहिजेच!"

"अरे, निदान ते खडे तरी काढ!"

बाराही ठिकाणची माती गोणपाटावर ओतून त्याने कालवली, पसरून तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले पुन्हा कालवले, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. ताई आपली खरी माती पिशवीत जाताना बघत होती. घरात पसारा असताना पाहुणे यावेत तसा तिचा चेहरा झाला होता.

चार दिवसांनी कागद निघाला. सामू साडेआठच्या वर, चुनखडी जास्त, मुळाला मिळण्याजोगं लोह फारच कमी. तो कागद त्याने माणसाबरोबर पाठवला नाही; स्वतः नेऊन दिला आणि म्हणाला, "आधीचे तीन फाडून टाक. सही माझी होती." राख बंद झाली. हिराकस म्हणजे लोहाचं हिरवट मीठ. ते थोडं सायट्रिक आम्ल घालून पाण्यात विरघळवलं आणि सकाळी लवकर पानांवर फवारलं, आठवड्याने पुन्हा. फाटकाजवळचा तो काळा, देखणा ढीग सगळा वाफ्यांत गेला. मुदतीला सतरा दिवस होते. ते दिवस ताई रोज शेंडे मोजत होती आणि रोज फोन करत होती. तो रोज म्हणत होता, "ताई, पान आहे ते, दिवा नव्हे बटण दाबलं की लागायला."

महिनाअखेरीस आहारबाई स्वतः मळ्यात आल्या. एक पान त्यांनी उजेडाकडे धरलं, बोटांत चुरगाळलं. "पालक सोमवारपासून पाठवा. घेवडा अजून फिका आहे. तो पुढच्या महिन्यात बघू." ताईने घेवड्याबद्दल भांडून पाहिलं, पण आहारबाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या.

सोमवारी साडेसहाला हातगाडी माझ्या दारावरून गेली. मान ताठ होती.

केंद्रातला छापील फलक वरच्यांच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. तरी 'मातीचा नमुना आणावा' या ओळीखाली सावलीतने हाताने चिठ्ठी चिकटवली आहे: 'चांगली माती आणू नये.' फलकाशी आलेले लोक आता बराच वेळ घुटमळतात.

मागच्या आठवड्यात नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी ताई कापडी पिशवी घेऊन आली. माझ्याकडे बघून हसली, पिशवी खिडकीत ठेवली. "घे. या वेळी चूक नाही. सगळ्यात वाईट वाफा शोधला, त्यातला सगळ्यात वाईट कोपरा. तिथे गवतसुद्धा येत नाही. चाळली नाही, खडेही तसेच ठेवलेत."

त्याने पिशवी उघडली. चष्मा काढला. डोळे चिमटीत धरले.

"ताई, नुसती वाईट पण नको गं! चांगली, वाईट, सगळीकडची थोडी थोडी. तो नमुना!"

"हे आधी सांगायला काय झालं होतं? तिथली पाहिजेच म्हणून बोंबलत होतास."

"तिथलीपण पाहिजे म्हणत होतो!"

"पण मला ऐकू आलं नाही."

रांगेतला एक जण म्हणाला, "ताई, नमुना बघायचा तर खिडकीतच बसलाय." सगळी रांग हसली. मला वाटलं, आता 'अहो महाराज' येणार. पण तो उठला, खिडकी बंद केली आणि बाहेर येऊन चपला शोधू लागला.

"अहो साहेब, आमची माती?" रांग ओरडली.

"सावलीत ठेवा," तो म्हणाला. मग ताईची पिशवी घेऊन पुढे चालायला लागला. "चल, मीच येतो. आणि बाई, आपण इथेच बसा. आपण मळ्यात आलात की आपण शिकवलेला आणखी एखादा शब्द निघतो."