आबांच्या दोन बाटल्या

माझ्या नातवंडांनो,

डिसेंबरात तुम्ही घाटंजीला येणार आहात. येण्याआधी हे वाचून या. दर रविवारी फोनवर धाकटी म्हणते, आजी, कोरल दाखव, आणि मी फोन आबांकडे नाहीतर अंगणातल्या कढीपत्त्याकडे वळवते. आबांना आता फारसं आठवत नाही, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं आहे. माशांच्या टाकीचं काय झालं ते सांगितलेलं नाही, कारण सगळं त्यांनाही माहीत नाही. दारात उभं राहून कळण्यापेक्षा वाचून कळलेलं बरं. शिवाय मला क्रमाने सांगायची सवय आहे आणि फोनवर क्रम राहत नाही.

कोरोनात सगळं बंद होतं त्या वर्षी तुमचे बाबा इथूनच ऑफिसचं काम करत होते. तेव्हा त्यांनी पुढच्या खोलीत ही खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. ते परत गेले आणि टाकी आबांकडे आली. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून आबांना रिकामे हात सोसत नव्हते. आमच्या गावातल्या बऱ्याच जणांनी समुद्र पाहिलेला नाही. संध्याकाळी दिवा निळा झाला की लोक पाहायला यायचे. समोरचे गॅरेजवाले चाचा रोज एकच टोमणा मारायचे, "साहेब, इतल्या मासोया पाळल्या अन् कालवणाच्या कामाची एक नाही." आबा म्हणायचे, "चाचा, तुमी दिवसभर गाड्या खोलता, त्यातली एक तरी तुमची हाय का?"

टाकीचं गणित तुम्हाला थोडं समजून घ्यावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रवाळ, म्हणजे तुमचं कोरल, हा प्राणी आहे. तो आपलं हाड पाण्यातून काढून बांधतो. त्यासाठी त्याला कॅल्शियम लागतं आणि पाण्यात विरघळलेला कार्बोनेटचा साठा लागतो. त्या साठ्याच्या मापाला अल्कलिनिटी म्हणतात. रोज जेवढं तो खातो तेवढं रोज परत घालायचं. कमी पडलं तर वाढ थांबते, जास्त झालं तर टोकं जळतात. आणि दोन्ही प्रमाणाबाहेर झाली की एकमेकांना धरून पांढरी भुकटी होऊन बसतात, जसा आपल्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर थर चढतो. म्हणून आबांनी दोन बाटल्या केल्या होत्या. एकीत खाण्याचा सोडा कढईत भाजून आरओच्या पाण्यात विरघळवलेला; तिच्यातलं एक झाकण सकाळची बुद्धवंदना झाल्यावर. दुसरीत कॅल्शियम क्लोराईड. तिच्यातलं एक झाकण संध्याकाळच्या वंदनेनंतर. मग काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन तपासणी. त्यात औषधाचे थेंब टाकायचे, निळा रंग पिवळा होईपर्यंत किती लागले ते मोजायचं. आकडा आठच्या आसपास राहिला की आबा दिवसभर खुश. जांभळ्या आणि हिरव्या फांद्यांची प्रवाळं त्यांच्या हाताखाली वीतभर वाढली होती.

मग एका दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवरून परत आलो आणि त्यानंतर आबांची वंदना वाढली. सकाळी एकदा व्हायची ती दोनदा, कधी तीनदा होऊ लागली. मेणबत्त्यांचा पुडा लवकर संपायला लागला. मला बरं वाटलं. त्यांच्या वडिलांचीही उतारवयात धम्माची ओढ अशीच वाढली होती. मी जास्तीचे पुडे आणून ठेवले.

त्याच दिवसांत टाकी बिघडली. अल्कलिनिटी वर जाऊ लागली, कॅल्शियम खाली. पंपावर आणि हीटरवर पांढरा थर चढला. फांद्यांची टोकं आधी पांढरी पडली, मग त्यांच्यावरचं मांस सालीसारखं सुटून पाण्यात तरंगायला लागलं. आबांनी मिठाच्या पोत्याला दोष दिला, मग दिव्याला, मग कुरियरवाल्याला. तुमचे बाबा फोनवर चित्र पाहून म्हणाले, बाबा, डोस जास्त पडतोय. आबा चिडले. "एक झाकन टाकतो मी, एकच. लहान लेकरू हाय का?" ते खोटं बोलत नव्हते.

एका सकाळी मी भाजी निवडत समोरच बसले होते. त्यांनी वंदना केली, झाकण मोजून टाकलं, चहा घेतला. कप अजून तिथेच होता. ते उठले, हातपाय धुऊन आले, नवी मेणबत्ती लावली आणि पुन्हा त्रिशरण म्हणायला लागले. शांतपणे, एकही शब्द न चुकवता. मग उठून त्यांनी सोड्याची बाटली घेतली आणि झाकण भरलं. टाकीला काय झालंय आणि आबांना काय झालंय, दोन्ही मला एकाच वेळी कळलं. हातातली मेथी तशीच राहिली.

यवतमाळच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. बरं होणार नाही, हळूहळू वाढेल, जे जमतं ते काम हातातून काढून घेऊ नका, असं म्हणाले. तोवर फांद्यांची सगळी प्रवाळं मेली होती. पांढरे सांगाडे उरले, त्यांवर शेवाळ चढलं. दुसऱ्या जातींची थोडी प्रवाळं तेवढी तगली.

तुमच्या बाबांनी लगेच आपोआप डोस टाकणारा पंप पाठवला. खोकं उघडल्यावर आबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "मशीन कायले? मी मेलो का?" एवढंच म्हणाले आणि खोकं बंद करून कपाटावर ठेवलं. घरात त्यांच्या एकट्याच्या हातचं म्हणावं असं तेवढंच काम उरलं होतं. स्कूटर बंद झाली होती, बँकेचं मी पाहत होते, बाजाराला ते गेले की मी मागे मागे जात होते.

मी दोन्ही बाटल्यांत साधं आरओचं पाणी भरलं आणि खरा डोस ते अंघोळीला गेले की टाकायला लागले. उन्हाळ्यात आमच्याकडे टाकीतलं पाणी इतकं उडतं की त्यांनी कितीही झाकणं ओतली तरी ती भरपाईच होती. काही आठवडे ठीक गेले.

पण ते इंजिनिअर. डोस टाकल्यावर लगेच तपासलं तरी आकडा जागचा हलत नाही, हे त्यांना खटकलं. एके दिवशी त्यांनी टाकीचं सोडून सोड्याच्या बाटलीतलंच पाणी नळीत घेतलं. पहिल्याच थेंबाला पिवळं झालं. नळी हातात धरून ते माझ्याकडे स्वयंपाकघरात आले.

"हे पानीच हाय ना?"

मी हो म्हटलं.

"कधीपासून?"

मी तेही सांगितलं. ते ओट्याकडे वळले. मग नळी धुऊन उपडी घातली आणि म्हणाले, "राहू दे तसंच. उद्यापरेंत इसरून जाईन मी."

आणि विसरले. पण नंतर पुन्हा त्यांना शंका आली, पुन्हा त्यांनी तपासलं, आणि तो धक्का त्यांना नव्याने बसला. तिसऱ्यांदा ते पाहायची माझी तयारी नव्हती.

तेव्हा मी काही दिवस नुसतं पाहिलं. ते दिवसातून साधारण चारदा वंदना करत आणि चारदा झाकण टाकत. प्रत्येक वेळी हातात येईल ती बाटली, सकाळ-संध्याकाळचा भेद गेला होता. पण दोन्ही बाटल्या जवळजवळ सारख्याच उतरत. मी हिशेब केला; फांद्यांची प्रवाळं गेल्याने भूकही पूर्वीच्या निम्मीच उरली होती, त्या बेताने दोन्ही द्रावणं पातळ केली. आता दिवसभरात विसरून विसरून ते जेवढं टाकत, त्याची बेरीज प्रवाळांच्या रोजच्या भुकेइतकी व्हायची. माझा चोरून टाकायचा डोस मी बंद केला. कधी कमी व्हायचं, कधी जास्त, पण आठवड्याला आकडा आठवर येऊन बसायचा. त्यांनी सोड्याची बाटली तपासली तेव्हा थेंबामागून थेंब टाकूनही नळी निळीच राहिली. "कडक हाय," म्हणाले आणि समाधानाने झाकण लावलं.

पुन्हा टाकी खरोखर त्यांच्या हाताने चालत होती. तेवढे महिने आमचे चांगले गेले.

मग आकडा उतरू लागला. सात, मग साडेसहा. नवीन प्रवाळ घातलं नव्हतं, म्हणजे भूक वाढलेली नव्हती. आबांच्या वंदना कमी झाल्या होत्या. मी द्रावण दुप्पट कडक केलं. थोडे दिवस आठ आलं, पुन्हा उतरलं. आणखी कडक केलं. शेवटी मूळचं, पूर्ण ताकदीचं द्रावण बाटल्यांत परत आलं. चाचा त्या सुमारास मला म्हणाले, "भाभी, साहेब अब ठीक दिखते, एकदाच पूजा करते." त्यांना आमच्या वंदनेला पूजाच म्हणायची सवय. मी मान हलवली. सकाळची एक वंदना, एक झाकण, अगदी पूर्वीसारखं; संध्याकाळची तेवढी सुटली होती. पाहणाऱ्याला ते बरे झाल्यासारखे वाटले असते.

त्यानंतर पूर्ण ताकदीचं द्रावणही पुरेना. काही दिवस मी बाटली त्यांच्या हातात दिली, तर त्यांनी ती तशीच धरून ठेवली. एका संध्याकाळी टाकीसमोर बसून त्यांनी मला विचारलं, "हे कोनाचं हाय?"

"तुमचंच," मी म्हटलं.

त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि परक्याच्या घरी म्हणतात तसं म्हणाले, "सुंदर हाय."

मी बाटली उचलली आणि झाकण मोजून टाकलं. तेव्हापासून मीच टाकते. पंप कपाटावरच आहे.

तुम्ही याल तेव्हा आबा तुमची नावं विचारतील, पुन्हा विचारतील. दर वेळी सांगा. फांद्यांची प्रवाळं तुम्हाला दिसणार नाहीत, ती शोधू नका. टाकीत सध्या एक हातोडी प्रवाळ आहे, त्याला या वर्षी नवं तोंड फुटलं. मागच्या दगडावर तपकिरी छत्री प्रवाळांचा गठ्ठा आहे. नारिंगी माशांच्या जोडीतला एक उरला आहे. अल्कलिनिटी आठ आहे. आबा संध्याकाळी टाकीसमोर बसतात.